माझ्यावाचून न राहू शकणारा नवरा

"यजमानांनी उजव्या हातात पळीभर पाणी घ्यायचं," लिमये गुरुजी म्हणाले, "आणि सौभाग्यवतींनी यजमानांच्या हाताला हात लावायचा."

आता लावायचा म्हणजे कुठे लावायचा? माझे यजमान ऑस्ट्रेलियात, पर्थला. मी सांगलीत, सासरच्या दिवाणखान्यात पाटावर बसलेली. शेजारच्या पाटावर उशी, उशीला टेकवलेला टॅब आणि टॅबमध्ये कौस्तुभ. गुरुजी त्याच टॅबच्या दुसऱ्या चौकोनात, त्यांच्या स्वतःच्या घरी, कारण त्या श्रावणात कुणी कुणाच्या दारी जात नव्हतं. सासरे करोनातून उठले तर मुलगा-सुनेच्या हातून सत्यनारायण करीन, असं सासूबाई बोलल्या होत्या. सासरे उठले. मुलगा येऊ शकत नव्हता, म्हणून त्यानं तिथे समई लावली, मी इथे, आणि मधे इंटरनेट.

"गुरुजी, हात कसा लावू?" मी विचारलं.

"स्क्रीनला लावा. भाव महत्त्वाचा."

मी हात पुढे केला आणि काचेला बोटं टेकवली. त्याच वेळी काचेच्या आत, चौकटीच्या बाहेरून, एक हात आला आणि कौस्तुभच्या कोपराला लागला.

बाईचा हात. मनगटात बारीक सोन्याची बांगडी, बोटं लांब, नखं नीट कापलेली. तो जेमतेम टेकला आणि तव्याला लागल्यासारखा मागे गेला. कौस्तुभनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातलं पाणी मात्र ताम्हनाऐवजी त्याच्या मांडीवर सांडलं.

"सोडलं पाणी?" गुरुजींनी पोथीतून मान वर न करता विचारलं.

"सोडलं," कौस्तुभ म्हणाला.

पुढची सगळी पूजा मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. तिथे एखादी गोरी बाई बसली असती तर गुरुजींचं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं असतं, आणि मला जन्मभर काही कळलं नसतं. पण ही आपल्यातली होती. आईबापांना जोडीनं पूजेला बसलेलं पाहत वाढलेली. फुलं-तुळस पुरवायला बाजूला बसली असेल, कॅमेऱ्यात न येण्याची काळजी घेत. गुरुजींनी त्या ओळखीच्या सुरात सांगितलं आणि तिचा हात आपसूक उचलला गेला. पत्नीनं हात लावायचा म्हटल्यावर लावला तिनं. पत्नी कोण, याबद्दल तिच्या मनात काही गोंधळच नव्हता.

मी आरती म्हटली. कथेतल्या साधुवाण्याची नाव बुडाली आणि वर आली. मी प्रसाद खाल्ला. शिरा फार सुरेख झाला होता, हे मला अजून आठवतं आणि त्याचाही राग येतो.

आमचं लग्न त्याच वर्षी फेब्रुवारीत झालं होतं. कौस्तुभ थोडे दिवस राहून परत गेला. माझा व्हिसा आला, एप्रिलचं तिकीट निघालं. मी कोल्हापूरच्या कॉलेजातली नोकरी सोडली, मुलांनी निरोप समारंभ केला, आणि ऑस्ट्रेलियानं दारं लावून घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर कौस्तुभ एकच वाक्य म्हणायचा, "परवानगीच देत नाहीत गं. तीनदा अर्ज केला, तीनदा नाकारला." म्हणताना त्याचा चेहरा इतका पडायचा, की मीच त्याची समजूत घालायची. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथल्या सरकारी खात्याच्या साइटवर बसले. खास परवानगीची सोय होती. अर्ज कसा करायचा, ते सगळं लिहिलेलं होतं. मी खात्याला विचारलं, आधीच्या तीन अर्जांचं काय झालं? उत्तर आलं, या नावानं आधी एकही अर्ज आलेला नाही.

मी लॅपटॉप बंद केला आणि गवार निवडायला बसले. सगळी गवार निवडून होईपर्यंत माझं ठरलं होतं. परवानगी मिळवायची. कुणाच्या पाया पडावं लागलं तरी चालेल, पण मिळवायची.

लोकांना वाटलं, प्रेम. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती जीव आहे गं तुझा नवऱ्यावर!" मी मान खाली घालायची. मान खाली घातली की डोळे दिसत नाहीत. कौस्तुभला मी हाताबद्दल अवाक्षर विचारलं नाही. उलट रोज जास्त गोड बोलायला लागले. जेवलास का, झोपलास का, थंडी फार आहे का तिकडे. तो बिचारा निर्धास्त झाला.

पहिला अर्ज नाकारला गेला. नवरा-बायकोचं नातं खरं आणि चालू आहे याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणे. मी लग्नाचे फोटो पाठवले होते, पण त्यात आम्ही दोघंच असे एकाही फोटोत नव्हतो. सासूबाईंचे भाऊ, बापूमामा, यांना कॅमेऱ्याची फार हौस. वरमाला घालताना बापूमामा, सप्तपदीला बापूमामा, मी कौस्तुभला घास भरवतेय तर दोघांच्या मधून बापूमामा. परदेशातल्या साहेबाला माझं लग्न नक्की कुणाशी झालंय असा प्रश्न पडला असल्यास त्याची चूक नाही. दुसरा अर्जही परत आला. त्यात मात्र काय हवं ते स्पष्ट लिहिलं होतं. नवऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं, आणि त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या, दोघांचं नातं ठाऊक असलेल्या एका ओळखीच्या माणसानंही.

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

हे मी कौस्तुभला एकट्याला सांगितलं नाही. रविवारची वाट पाहिली. रविवारच्या कॉलला सगळे असत. सासूबाई, बाबा, म्हणजे माझे सासरे, आणि मास्क हनुवटीवर ओढून बापूमामा. टॅब टेबलावर ठेवला आणि मी लाजत लाजत सुरुवात केली.

"कौस्तुभ, एक आनंदाची बातमी आहे. परवानगी मिळू शकते."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अं? कुणी सांगितलं? अगं, मी तीनदा—"

"हो ना, तुझे तिन्ही अर्ज नाकारले म्हणून मीच करून पाहिला. फक्त तुझं शपथपत्र हवंय त्यांना, आणि तिथे तुझ्याबरोबर राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचं. माझी बायको आहे, आमचं नातं खरं आहे, मी तिच्याशिवाय राहू शकत नाही, एवढंच लिहायचं."

"एवढंच?" बापूमामा म्हणाले. "मग त्यात काय! लिही की."

"मामा, ते इतकं सोपं नसतं इथे. शपथपत्र म्हणजे कायदेशीर भानगड असते. खोटं... म्हणजे काही कमीजास्त झालं, तर व्हिसाचा प्रश्न येतो."

"अरे, पण खोटं कुठे लिहायचंय तुला?" बाबांनी भाबडेपणानं विचारलं. आजारपणानंतर त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बायको आहे ना ती तुझी?"

कौस्तुभ म्हणाला, "लिहितो. पण ते दुसऱ्या माणसाचं सांगता तुम्ही, ते कुठून आणू? मी इथे एकटा राहतो. माझ्याबरोबर कोण आहे इथे?"

मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. शेजारी असतील, ऑफिसातले असतील, असं म्हणत म्हणत त्याला कोपऱ्यात न्यायचं होतं. पण माझ्या आधी सासूबाई बोलल्या. त्या लसूण सोलत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"ती पूजेला होती ती मुलगी आहे की," त्या म्हणाल्या.

"कोण मुलगी?" बापूमामांनी विचारलं.

"होती एक. फुलं देत होती ह्याला. मराठी असणार, पूजेतलं सगळं कळत होतं तिला." सासूबाईंनी पाकळी ताटलीत टाकली. "चांगल्या घरातली दिसते. तिलाच सही करायला सांग, कौस्तुभ. तुमचं नातं काय आहे ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

टॅब अडकला की काय असं मला वाटलं, इतका कौस्तुभ स्तब्ध होता.

"सांगतो," तो म्हणाला.

कॉल संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई आमटीला फोडणी देत होत्या.

"तुम्ही पाहिलं होतंत?"

"चष्मा नवाच होता माझा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू नाही बोललीस म्हणून." त्यांनी झाकण ठेवलं. "बापाच्या जिवासाठी केलेली पूजा होती गं ती. त्यात हा..." त्या माझ्याकडे वळल्या. "तू जा. जिद्दीनं जा. एकदा तू त्या घरात पाऊल टाकलंस की ती आपोआप बाहेर पडेल. मग चार दिवस तोंड फिरवून बस हवं तर. पण माझं पोर ताळ्यावर आण. तेवढं तूच करू शकशील."

मी काही बोलले नाही. त्यांना तो होकार वाटला.

दोन्ही शपथपत्रं आली. कौस्तुभनं लिहिलं होतं, की पत्नी वृषाली हीच त्याची एकमेव जोडीदार आहे, तिच्याविना त्याचं जगणं अपुरं आहे, ताटातुटीनं त्याच्या मनावर परिणाम होतो आहे. इंग्रजी फर्डं होतं. दुसऱ्या कागदावर ऋजुता नावाच्या मुलीनं शपथेवर सांगितलं होतं, की ती कौस्तुभच्या घरात भाडेकरू म्हणून एका खोलीत राहते, आणि हे दाम्पत्य एकमेकांवर मनापासून प्रेम करतं हे तिनं स्वतः पाहिलं आहे. तो कागद मी किती वेळा वाचला ते विचारू नका. एखादीला इतका गोड त्रास देता येतो, हे मला माझं मलाच माहीत नव्हतं.

त्यांनी सह्या केल्या, कारण परवानगी मिळणार नाही अशी दोघांची खात्री होती. तेव्हा हजारो लोकांना नकार येत होते. आणखी एक आला की घरच्यांची तोंडं बंद होतील, असा त्यांचा हिशेब असणार.

परवानगी आली. सकाळी चहाच्या वेळेला मेल आली आणि मी ती बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

कौस्तुभला सांगितल्यावर तो "अरे वा" म्हणाला आणि फोन ठेवला. दुपारी त्याचा फक्त मला फोन आला.

"वृषाली, तू एकटी आहेस का? मला तुझ्याशी बोलायचंय. तू निघण्याआधी तुला काही सांगायला हवं."

"आल्यावर बोलू ना. आता समोरासमोरच बोलायचंय."

"नाही, आत्ताच ऐक. प्लीज. माझ्याकडून एक—"

"कौस्तुभ, आई हाक मारतायत. आणि हे बघ, मेतकूट किती आणू? तिकडे विमानतळावर अडवत नाहीत ना?"

"वृषाली!"

"तिकीट लवकर काढ हं. जागा भराभर संपतायत म्हणे."

त्याला मन मोकळं करायचं होतं. मी ते करू दिलं नाही. कबुली देऊन माणूस हलका होतो, आणि त्याला हलका करण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. तिकीट त्यानं काढलं. न काढून सांगतो कुणाला?

त्यानंतर काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी ऋजुता बोलतेय. तुम्ही ओळखणार नाही."

"ओळखते. शपथेवर ओळख करून दिलीस की तू."

मग ती म्हणाली, "मला त्यानं सांगितलं होतं, की तुमचं लग्न घरच्यांनी जबरदस्तीनं लावलं. तुम्हालाही ते नको होतं. वर्षभरात मोडणार होतं."

"असं? मग प्रेम पाहिलंय म्हणून का लिहिलंस?"

"तो म्हणाला, परवानगी मिळणारच नाही."

"मिळाली."

"हो." ती रडत असावी. "मी घर सोडलंय. कालच. मला तुमची माफी मागायची आहे."

"माग."

"मला माफ करा."

"ऐकलं मी," असं म्हणून मी फोन बंद केला. माफ केलं असं म्हटलं नाही. त्या मुलीचं वाईट वाटायला हवं होतं. पुढे वाटलंही. त्या दिवशी नाही वाटलं.

कौस्तुभ आता एकटा पडला होता. संध्याकाळच्या कॉलवर त्याच्या मागच्या खिडकीतली कुंड्यांची रांग गेलेली दिसायची. दाढी वाढली होती. बाबा म्हणायचे, "पोरगं बायकोच्या वाटेला डोळे लावून बसलंय." आणि गंमत म्हणजे ते हळूहळू खरं व्हायला लागलं होतं. एकट्या घरात त्याला माझाच आधार उरला होता. एकदा तो स्वतःहून म्हणाला, "तू ये. आपण सगळं नव्यानं सुरू करू." आवाजात खोट नव्हती. मी म्हटलं, "हो रे." मला हवा होता तो क्षण आला होता.

निघायचा दिवस उजाडला. मुंबईपर्यंतची गाडी ठरली होती, असं घरात सगळे समजत होते. सासूबाईंनी बॅगेत मेतकूट, लोणचं, घरचे पापड भरले होते. बाबा काठी टेकत दारापर्यंत आले. सासूबाईंनी मला ओवाळलं, आणि तळहातावर घालायला दह्याची वाटी घेतली.

"आई," मी म्हटलं, "मी कोल्हापूरला चाललेय."

"माहेरी भेटून जाणार का? मग विमानाला उशीर नाही ना होणार?"

"विमानानं मी जातच नाहीये. सोमवारपासून कॉलेजात परत रुजू होतेय. प्राचार्यांशी बोलणं झालंय."

बाबांनी सासूबाईंकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

सासूबाईंनी चमचा तसाच धरला होता. "मग ही परवानगी? एवढी धडपड? इतके महिने त्या लॅपटॉपपुढे डोळे फोडलेस ते कशाला?"

"मागितली की मिळते, हे त्याला दाखवायला. त्यानं एकदाही मागितली नव्हती, आई. एकही अर्ज केला नव्हता. रोज आपल्या सगळ्यांसमोर बसून खोटं बोलत होता. मी मागून दाखवली, आणि मी त्याची कोण हे त्याच्याच हातानं लिहून घेतलं. तिच्याही हातानं. आता ती गेली, आणि मी येत नाही. माझ्याशिवाय जगणं अपुरं आहे ना त्याचं? जगू दे अपुरं."

बाबा पायरीवर खाली बसले. त्यांना त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं.

"आणि मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी तुला ह्यासाठी साथ दिली?"

"तुम्हाला मुलगा परत हवा होता, म्हणून दिलीत. मला नवरा परत नको होता."

हे मी तोंडावर बोलले. हळू बोलता आलं असतं, पण माझ्यात तेव्हा हळू असं काही शिल्लक नव्हतं.

त्या रडतील असं मला वाटलं. मला बोल लावतील, पदर डोळ्याला लावतील, आता त्याचं कसं होणार म्हणतील. त्यांनी दह्याची वाटी कट्ट्यावर ठेवली, हात पदराला पुसले आणि एक हात पुढे केला.

"फोन दे."

कौस्तुभनं पहिल्या घंटेलाच उचलला. फोन स्पीकरवर होता.

"आई, निघाली का ती?"

"निघाली. पण तुझ्याकडे नाही. ती येत नाही तिकडे."

"म्हणजे? परवानगीचं काही झालं का?"

"परवानगीला काही झालेलं नाही. तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मलाही होतं."

मग तो एकदम लहान मुलासारखा बोलायला लागला. "आई, मी चुकलो. मी येतो. सीमा उघडल्या की पहिल्या विमानानं येतो. तुझ्या पाया पडतो, तिच्या पडतो. बाबांना मी सांगतो सगळं. मला फक्त घरी येऊ दे."

"येऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"आई?"

"मी बोलावीन तेव्हा ये. तोवर नको."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाबांना धरून आत नेलं. गाडीवाला बॅग उचलायची का विचारत होता. मी तिथेच उभी होते. एवढं मी मागितलं नव्हतं. मला त्याला धडा शिकवायचा होता, त्याच्या आईकडून मुलगा काढून घ्यायचा नव्हता. आत जाऊन "आई, असं नका करू" म्हणावं, असं एकदा मनात आलं. मी गाडीत बसले.

पुढे सीमा उघडल्या. विमानं सुटली. आमचा घटस्फोट झाला, त्याला फार वेळ लागला नाही. मी कोल्हापुरातच आहे, बरी आहे. दिवाळीत एक दिवस सांगलीला जाऊन येते. सासूबाई माझ्या आवडीच्या करंज्या करतात आणि त्या दिवसाचा विषय कधी काढत नाहीत.

भाऊबीजेला संध्याकाळी कौस्तुभचा फोन येतो. तो बाबांना विचारतो, "येऊ का?" बाबा फोन सासूबाईंकडे देतात. त्या त्याच्या तब्येतीची चौकशी करतात, उन्हात फार फिरू नकोस म्हणतात, जेवणाची आबाळ करू नकोस म्हणतात आणि फोन बाबांना परत देतात.

त्यांनी त्याला अजून बोलावलेलं नाही.